बाजारात भरलेलं इस्पितळ : कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी कशाने खंगल्या

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की कोल्हापूर, सातारा, बेळगाव या पट्ट्यातल्या जुन्या सैनिकी घरांत 'बसरा' हे नाव हमखास ऐकू येतं. पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते, एवढं घरात माहीत असतं. त्याच बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या काठाने वर गेलं की कूट नावाचं एक छोटं गाव लागतं. १९१५-१६च्या हिवाळ्यात आपल्या तीन मराठा पलटणी या गावात जवळजवळ पाच महिने अडकून पडल्या होत्या. गावातल्या छप्पर घातलेल्या बाजारात हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. त्या इस्पितळातल्या माणसांबद्दल जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपतं : हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, म्हणून ते आजारी पडले.

हे वाक्य खोटं नाही. पण ते अर्धवट आहे, आणि म्हणूनच त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. त्यांच्या आजारपणाची पूर्ण गोष्ट कळायची तर थोडी लढाई, थोडी नदी आणि बरंचसं स्वयंपाकघर समजून घ्यावं लागतं.

पलटणी तिथे पोचल्या कशा

१९१४च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं. आजचा इराक तेव्हा तुर्की साम्राज्यात होता आणि शेजारच्या इराणमधलं तेल ब्रिटिश आरमाराला हवं होतं. ते तेल आणि आखाताचं तोंड सांभाळायला हिंदुस्थानातून फौज निघाली. तिचा कणा होता पुण्याची सहावी डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १०३ म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. या पलटणींत मराठे होते तसे दख्खनी मुसलमानही होते. भरतीचा मुलूख देश आणि कोकण. कोल्हापूर संस्थानात तर भरतीच्या कामात स्वतः शाहू महाराजांनी लक्ष घातलं होतं.

नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आलं, पुढच्या जूनमध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये कूट. दर विजयानंतर फौज नदीने आणखी वर सरकत गेली आणि बसऱ्याचं बंदर तेवढंच मागे पडत गेलं. या भागात रेल्वे नव्हती, धड रस्ता नव्हता. दाणागोटा, दारूगोळा, औषधं वर न्यायची ती नदीतूनच आणि जखमी खाली आणायचे तेही नदीतूनच. बोटी मात्र मोजक्या होत्या. बगदाद घ्यायचं हे वरच्या मंडळींनी ठरवलं तेव्हा बोटींचा हा हिशोब कुणी नीट मांडलाच नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी जनरल टाउनशेंडच्या फौजेने बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्की खंदकांवर हल्ला केला. पहिली रांग घेतली, पण लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे जाणं अशक्य होतं. फौज मागे फिरली.

जखमी शिपाई मागे कसा येतो

लष्करी वैद्यकीय व्यवस्था म्हणजे एक साखळी असते. गोळी लागलेल्या माणसाला पहिली पट्टी पलटणीचाच डॉक्टर बांधतो. तिथून डोलीवाले त्याला फील्ड अँब्युलन्सकडे नेतात. हे नाव ऐकून गाडी डोळ्यांसमोर येते, पण ती असते डॉक्टर, कंपाउंडर आणि डोलीवाल्यांची एक तुकडी, तंबूसकट हलणारी. तिथे रक्त थांबवायचं, मोडलेलं हाड फळीला बांधायचं, वेदना कमी करायच्या आणि माणूस पुढे पाठवायचा. मोठी शस्त्रक्रिया होते ती मागच्या इस्पितळात. तिथून बोटीने किंवा रेल्वेने जनरल हॉस्पिटलला आणि मग जहाजाने मायदेशी. या साखळीत डॉक्टरच्या हाताइतकंच वाहनाला महत्त्व असतं. मागची जागा रिकामी झाली नाही तर पुढच्या तंबूत माणसं साचतात, आणि एकदा साचली की डॉक्टर कितीही कुशल असला तरी जखमा सडायला लागतात.

टेसिफॉनला तयारी होती काही शेकडा जखमींची. जखमी झाले साडेतीन हजारांहून अधिक. त्यांना नदीपर्यंत नेलं ते सामान वाहायच्या खेचरांच्या गाड्यांतून. या गाड्यांना स्प्रिंग नव्हते, तळाला लोखंडी पट्ट्या होत्या. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला अशा गाडीतून खडबडीत माळावरून दहा मैल नेणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कुणाचा अपघात झालाय त्याला वेगळं सांगायला नको. नदीवर आल्यावर त्यांना बोटींत आणि बोटींना जोडलेल्या उघड्या पडावांत दाटीवाटीने निजवलं. वर छप्पर नाही, खाली गादी नाही, शौचाला जागा नाही, आणि बसऱ्यापर्यंतचा प्रवास कित्येक दिवसांचा.

यातली मेजिदिया नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर रॉबर्ट कार्टर धक्क्यावर होते. बोटीच्या कडेने दोरखंड लोंबताहेत असं त्यांना लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती हगवणीने बेजार झालेल्या माणसांची वाळलेली विष्ठा होती. कार्टरनी हे लिहून वर कळवलं, तर त्यांनाच गप्प बसवायचा प्रयत्न झाला, अटकेची धमकी मिळाली. त्याच सुमारास सरकारी तारेत मात्र 'वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली' असा मजकूर गेला होता. कार्टर मागे हटले नाहीत. पुढे लंडनमध्ये चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले हिंदुस्थानचे मंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. एका डॉक्टरने डोळ्यांनी पाहिलेलं जसंच्या तसं लिहिलं, त्याचा परिणाम एवढ्या लांबवर झाला.

या बोटींतून जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांना हॉस्पिटलच्या जहाजांनी मुंबईला आणलं. मुंबईत आज आपण ज्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाखाली मूर्ती बघत फिरतो, ती इमारत तेव्हा नुकतीच बांधून झाली होती आणि युद्धकाळात ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली जात होती. तिथे गेलात तर हेही आठवा.

पाण्याने वेढलेलं गाव

उरलेली फौज ३ डिसेंबरला कूटला पोचली. माणसं इतकी थकली होती की पुढे चालवणं शक्य नव्हतं. टाउनशेंडनी तिथेच पाय रोवायचं ठरवलं आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पूर्ण केला.

पूर चढल्यावर नृसिंहवाडी किंवा कुरुंदवाडकडे नकाशात पाहा, तीन बाजूंनी पाणी आणि बाहेर पडायला एकच तोंड. कूटची जागा बाराही महिने तशीच आहे. टायग्रिस तिथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या पोटात गाव आहे. बचावाला ही जागा बरी, कारण खंदक एकाच बाजूला खणायचे. पण तेच तोंड शत्रूने धरलं की आतला माणूस कोंडला जातो. आत होते लढणारे साडेअकरा हजारांच्या आसपास, शिवाय साडेतीन हजार नोकरचाकर, म्हणजे भिस्ती, आचारी, डोलीवाले, खेचरवाले. आणि गावातले सहा हजारांच्या घरातले अरब रहिवासी, बायकामुलांसकट.

इस्पितळासाठी गावात मोठी इमारत नव्हती. मग बाजार ताब्यात घेतला. पश्चिम आशियातल्या जुन्या गावांत बाजाराची गल्ली वरून झाकलेली असते आणि दोन्ही अंगांना दुकानांचे गाळे. त्या गाळ्यांत रुग्ण ठेवले आणि मधल्या गल्लीतून डॉक्टर फिरू लागले. छप्पर होतं, भिंती होत्या, म्हणून तंबूपेक्षा बरं. पण उजेड अपुरा, हवा कोंदट, आणि जानेवारीत पाऊस लागला तेव्हा गारठा भिंतींतून आत येई. सरपणाची इतकी टंचाई की पाणी तापवायलाही विचार करावा लागे. पलीकडच्या काठावरून तुर्की नेमबाज गावात गोळ्या टाकत असत, तोफगोळेही येत. नदीवर पाणी भरायला जाणारे भिस्ती याच गोळ्यांच्या माऱ्यात मशका भरून आणत. इस्पितळात पाणी यायचं ते असं. मार्च १९१६ मध्ये विमानातून टाकलेला बॉम्ब ब्रिटिश शिपायांच्या इस्पितळावर पडला आणि अंथरुणावरचीच माणसं दगावली. सगळ्या वैद्यकीय व्यवस्थेचे प्रमुख होते कर्नल पॅट्रिक हेहिर. त्यांनी या महिन्यांत काटेकोर नोंदी ठेवल्या : कोण आजारी पडलं, कशाने पडलं, कुणाच्या शिध्यात तेव्हा काय होतं. या नोंदींचं मोल नंतर कळणार होतं.

एक इस्पितळ, दोन आजार

आता गोष्टीच्या गाभ्याकडे येऊ.

वेढ्याच्या पहिल्या दोनेक महिन्यांत ब्रिटिश शिपायांत बेरीबेरीचे रुग्ण दिसू लागले. पायांना मुंग्या, पिंढऱ्यांत दुखणं, चालताना पाय लटपटणं, अंगावर सूज आणि शेवटी हृदयावर ताण. त्याच गावात, त्याच गोळ्यांखाली, तेच नदीचं पाणी पिणाऱ्या हिंदी शिपायांत बेरीबेरी जवळजवळ नव्हता. मग हिवाळा सरता सरता चित्र उलटं झालं. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून मऊ पडल्या, त्यांतून रक्त येऊ लागलं, दात हलायला लागले, सांधे धरले. ब्रिटिशांमध्ये स्कर्व्ही नगण्य होता.

याचं कारण ताटात होतं. ब्रिटिश शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव खात होता. गव्हाच्या दाण्याचं बाहेरचं साल आणि टोकाचा अंकुर गिरणीत काढून टाकला की पीठ पांढरंशुभ्र होतं आणि टिकतंही जास्त. पण थायमिन, म्हणजे 'ब१' जीवनसत्त्व, मुख्यतः त्या सालात आणि अंकुरातच असतं. शरीर थायमिनचा साठा फार ठेवत नाही. जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. पाव चालू होता, पोट भरत होतं आणि नसा मात्र आतून उपाशी मरत होत्या. हिंदी शिपाई आटा खात होता, कोंड्यासकट दळलेला, आणि जोडीला डाळ. त्यामुळे त्याला थायमिन मिळत राहिलं.

पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. जानेवारीच्या अखेरीस गावात जवाचा मोठा साठा सापडला. तो दळायला जाती कमी पडत होती, म्हणून जात्याचे दगड विमानातून गावात टाकले गेले. मग पांढरं पीठ संपत आलं तसा ब्रिटिशांच्या पावात जवाचा आणि गव्हाचा आटा मिसळावा लागला. शिपायांना तो पाव आवडला नाही. पण त्यानंतर बेरीबेरी ओसरला. टंचाईमुळे ताटात आलेलं हलकं पीठच औषध ठरलं.

आटा आणि डाळीने हिंदी शिपायाला बेरीबेरीपासून वाचवलं, पण या दोन्हींत 'क' जीवनसत्त्व नसतं. कोरड्या धान्यात ते जवळपास शून्य असतं. ते मिळतं ताज्या भाजीत, फळात आणि थोड्या प्रमाणात ताज्या मांसात. माणसाच्या शरीराला ते तयार करता येत नाही. घोड्याला, खेचराला येतं, म्हणून त्यांच्या ताज्या मांसात थोडं असतं. रोज दहा मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही टळतो, इतकं थोडं पुरतं. ते अजिबात मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. वेढ्याच्या तारखांशी हे ताडून पाहिलं की हिशोब बरोबर जुळतो.

जखमी माणसाच्या बाबतीत स्कर्व्ही आणखी वाईट. जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचं प्रथिन विणतं आणि त्या विणकामाला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर नवी जखम भरत नाही आणि भरून आलेला जुना व्रणही उसवू शकतो. म्हणजे इस्पितळात डॉक्टरने पट्टी रोज बदलली, जखम स्वच्छ ठेवली, तरी ती बरी होण्याची ताकद शिध्यातूनच निघून गेलेली.

घोड्याच्या मांसाचा प्रश्न

जानेवारीच्या अखेरीपासून घोडे आणि खेचरं मारून त्यांचं मांस शिध्यात देऊ लागले. ब्रिटिश शिपायांनी ते खाल्लं, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला नाही. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. धर्मगुरूंची परवानगी मिळवायला तारा गेल्या, परवानगी आलीही. तरी नकार टिकला. एप्रिलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, बऱ्याच जणांनी खायला सुरुवात केली, पण तोवर शरीरं ढासळली होती.

या नकाराला हट्ट म्हणून झटकणं सोपं आहे. त्या काळच्या गावाचा विचार करा. शिपायाला परतायचं होतं ते गावातच. घोडं खाल्ल्याची वार्ता आधी पोचली तर जातीबाहेर टाकतील, पंगतीला बसू देणार नाहीत, मुलीच्या लग्नाला स्थळ मिळणार नाही, ही भीती त्यांनी बोलूनही दाखवली होती. लांबच्या धर्मगुरूने तारेने दिलेली परवानगी गावची पंचायत मानेल याचा भरवसा त्यांना कोण देणार? आज मरण समोर असताना उद्याच्या घराचा विचार करणारी ही माणसं होती. त्यात अडाणीपणापेक्षा जबाबदारीच मला जास्त दिसते.

दुसरं असं की नकाराच्या आधीपासूनच त्यांचा शिधा लंगडा होता. शांततेच्या काळात हिंदी शिपाई पगारातून आपलं खाणं आपण बघायचा, पलटणीच्या बनियाकडून सामान घ्यायचा, बाजारातून भाजी आणायचा. युद्धावर गेल्यावर सरकारी शिधा सुरू झाला : आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ-मसाला, थोडं मांस. भाजीचा वाटा नावापुरता. महिनाभराच्या मोहिमेला हे चाललं असतं. वर्षभर चाललेल्या मोहिमेत माणूस कूटला पोचला तोच अंगातला साठा अर्धामुर्धा घेऊन. स्कर्व्ही फक्त कूटमध्ये झाला असता तर दोष वेढ्यावर आणि नकारावर घालता आला असता. पण १९१६ मध्ये कूटच्या बाहेर, जिथे वेढा नव्हता आणि घोडं खायचा प्रश्नही नव्हता, अशा हिंदी पलटणींमध्येही स्कर्व्हीने हजारो शिपाई इस्पितळात पडले. ज्या शिध्यात भाजी नाही त्या शिध्याचं हे काम होतं.

हिरव्या पाल्यासाठी आतल्या माणसांनी केविलवाणी धडपड केली. भाजीचं बी मागवून पेरलं. गावाभोवतीचं रानगवत, पाला खुडून शिजवला. त्यात विषारी काय आणि खाण्याजोगं काय हे परक्या मुलखात ओळखायचं कसं? १०३ पलटण ज्यांच्या ब्रिगेडमध्ये होती ते ब्रिगेडियर जनरल हॉटन एप्रिलमध्ये अशाच पाल्याच्या भाजीने विषबाधा होऊन गेले. ब्रिगेडच्या प्रमुखाची ही गत, तर साध्या शिपायाची काय असेल. भूक मारायला काही जण अफूच्या गोळ्या घेत होते.

डाळीला मोड येत नाहीत

कूट पडल्यावर हेहिरच्या नोंदी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांपर्यंत पोचल्या. हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी तिथे नेमक्या याच प्रश्नावर काम करत होत्या : कोणत्या अन्नात बेरीबेरी टाळणारा घटक आहे आणि कोणत्यात स्कर्व्ही टाळणारा. 'व्हिटॅमिन' ही कल्पना कॅसिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये मांडली होती, पण 'क' जीवनसत्त्व वेगळं काढून ओळखायला अजून पंधरा-वीस वर्षं लागणार होती. तोवर हाताशी होते गिनी पिगवरचे प्रयोग आणि कूटसारखी ठिकाणं, जिथे दोन गट एका जागी राहून वेगळं खात होते. या दोघींनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात कूटचा दाखला आहे.

चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट पक्की केली जी आपल्या स्वयंपाकघराला ओळखीची आहे. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारं काही नसतं, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की एक-दोन दिवसांत तो घटक दाण्यात तयार होतो. दाणा रोप व्हायला निघाला की त्याला स्वतःसाठीच 'क' जीवनसत्त्व बनवावं लागतं. १९१८ मध्ये सर्बियन सैनिकांच्या इस्पितळात स्कर्व्हीच्या रुग्णांना काहींना लिंबाचा रस आणि काहींना मोड आलेल्या शेंगबिया दिल्या. मोडवाल्यांचा गुण लिंबाच्या तोडीस तोड, उलट थोडा सरसच निघाला.

माझ्या शेजारच्या आक्का दर शनिवारी रात्री मटकी भिजत घालतात. सकाळी उपसून, निथळून, ओल्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधून चुलीजवळ उबेला ठेवतात. दुसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरी टोकं बाहेर डोकावतात. मोड किती येऊ द्यायचे असं विचारलं तर म्हणाल्या, "नखाएवढं आलं की बास. लई वाढलं की उग्र लागतंय." मिसळीसाठी हे त्या वर्षानुवर्षं करताहेत. त्यांच्या त्या फडक्यात जे घडतं ते घडवायला भांडं, पाणी आणि ऊब एवढंच लागतं. शेत लागत नाही, ऋतू लागत नाही. वेढ्यात अडकलेल्या फौजेला याहून सोयीची भाजी कोणती?

मग कूटमध्ये हे का झालं नाही? आपल्या पलटणींतल्या माणसांना मटकी-हुलग्याचे मोड काही नवे नव्हते. पण सरकारी शिध्यात होती डाळ. सोललेली, दुभंगलेली. टिकायला बरी, शिजायला लवकर, वाहतुकीला सोयीची. आणि डाळीला मोड येत नाहीत, कारण दाणा फोडताना त्यातला अंकुरच निघून जातो. चिक यांनीही आवर्जून लिहिलं की कडधान्य सालासकट अख्खं हवं. शिध्यात अख्खा मूग, मसूर किंवा हरभरा असता तर त्या बाजारातल्या गाळ्यांत घमेल्या-घमेल्यांनी मोड आले असते. जव अख्खा होता आणि त्यालाही कोंब फुटतात, कडधान्याइतकं नाही पण थोडं 'क' जीवनसत्त्व त्यातही तयार होतं. तो सगळा जात्यात गेला. यात हेहिरना किंवा कुणा डॉक्टरला दोष देता येत नाही. ताजी भाजी आणि लिंबू यांनी स्कर्व्ही बरा होतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. मोडांची ही ताकद तेव्हा वैद्यकशास्त्राच्या हातात आलेली नव्हती.

वेढ्याचा शेवट

बाहेरून वेढा फोडण्याचे प्रयत्न जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालले. त्यांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. एप्रिलच्या मध्यापासून विमानांनी पोती टाकून रसद पोचवायचा प्रयत्न झाला. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न, पण त्या काळच्या विमानांची ताकद ती किती! रोजचं भागावं एवढंही पडत नव्हतं, त्यातलं काही नदीत, काही तुर्कांच्या हद्दीत. २४ एप्रिलला जुलनार नावाची बोट धान्य घेऊन रात्री घुसायला निघाली आणि तुर्कांनी नदीत आडव्या बांधलेल्या तारदोरात अडकली. तोवर माणशी पिठाचा शिधा चार औंसांवर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही खाली आला होता. एवढ्या पिठात एका माणसाच्या तीन-चार पातळ चपात्या होतात, दिवसभरासाठी.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडलं. वेढ्यात १,०२५ जण मारले गेले किंवा जखमांनी दगावले आणि ७२१ जण आजाराने. इस्पितळातल्या हजाराहून अधिक आजारी आणि जखमींना तुर्कांनी अदलाबदलीत सोडलं. त्यांना बोटीने खाली आणलं तेव्हा त्यांची हाडं मोजता येत होती. बाकीचे कैदेत गेले आणि भर उन्हाळ्यात वाळवंटातून चालवले गेले. कैदेतल्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. हिंदी शिपाईही हजारोंनी गेले. खंगलेल्या शरीराने सुरू केलेली ती चाल होती, हे विसरता येत नाही.

त्यानंतर मात्र गोष्टी बदलल्या. नदीवर इस्पितळाच्या खास बोटी आल्या, मोटार अँब्युलन्स आल्या, अमाऱ्याला आणि बसऱ्याला मोठी इस्पितळं उभी राहिली, भाजीचे मळे लावले गेले आणि हिंदी शिपायाचा शिधा सुधारला.

नावं कुठे आहेत

या मोहिमेत ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. ब्रिटिश शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. हिंदी सैनिकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायाची तिथे पलटणीखाली संख्या आहे, नावं नंतर वेगळ्या नोंदवहीत गेली. या भेदभावाची कबुली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये उघडपणे दिली.

त्या नोंदी आज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तुमच्या घरात कुणी 'बसऱ्याला गेला आणि आला नाही' असं सांगत असतील तर शोधून पाहा. नाव इंग्रजीत कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं टाकून बघावी लागतात. आडनाव बहुतेक वेळा दुसऱ्या ठिकाणी असतं किंवा नसतंच. पलटणीचा क्रमांक माहीत असेल तर काम पुष्कळ सोपं होतं : १०३, ११० किंवा ११७. अनेक नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं आहे, गावाच्या नावाचीही मोडतोड झालेली असते, म्हणून ती मोठ्याने वाचून बघा. आणि मृत्यूची तारीख डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या दरम्यानची असेल, पलटण या तिघींपैकी एक असेल, तर तो माणूस कूटच्या वेढ्यात गेला असण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही.